कपड्यांसकट पाण्यात

पाण्यात पडणारा माणूस कपडे बदलून पडत नाही. एवढी साधी गोष्ट रायपूरच्या एका क्लबच्या कमिटीला पटवायला मला तीन उन्हाळे लागले. पटलेली गोष्ट विसरायला मात्र त्यांना एक बैठक पुरली. त्या बैठकीचा राग अजून माझ्या डोक्यात आहे. तो लपवण्यात अर्थ नाही, कारण मी बोलायला लागले की पाचव्या मिनिटाला तो आपोआप बाहेर येतो.

त्या क्लबच्या स्विमिंग पूलवर मी एकवीस वर्षं मुलांना आणि बायकांना पोहायला शिकवते आहे. कागदावर माझं पद ‘महिला सहायक’ असं आहे. कोणाची सहायक, ते कोणी सांगितलं नाही. पहिली सतरा वर्षं तर तिथे शिकवणारं माझ्याशिवाय दुसरं कोणी नव्हतंच.

त्याआधी मी पंडरीच्या बाजारात साड्यांच्या दुकानात होते. वडील रायपूरला रेल्वेत खलाशी, आम्ही मूळ भंडाऱ्याकडचे. पोहायला शिकले ते आजोळच्या तलावात, पाठीला वाळका भोपळा बांधून, मामाच्या म्हशींच्या संगतीनं. पुढे लग्न होऊन रायपुरातच राहिले आणि दुकानात गादीवर बसून साड्या उलगडायला लागले. एक दिवस क्लबचे सचिव घरच्या लग्नासाठी साड्या बघायला आले. त्यांना सगळे भैयाजी म्हणतात, मीही तेच म्हणेन. साड्या बघता बघता ते फोनवर कोणाला तरी सांगत होते की बायकांची बॅच बंद करावी लागणार, शिकवायला बाई मिळत नाही.

मी म्हटलं, “भैयाजी, मैं सिखा दूँगी.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग साड्यांच्या ढिगाकडे पाहिलं आणि हसले. “दीदी, आप वो हरी वाली दिखाओ.”

माझा पारा चढला. मी हिरवी साडी घडी घालून मागे ठेवली. “पहले मेरा तैरना देखो, साड़ी उसके बाद दिखेगी.”

दुसऱ्या दिवशी पहाटे पूलवर गेले. पोहण्याचा पोशाख माझ्याकडे कुठला? होती ती सलवार-कुर्ती घालून उतरले, त्या टोकाला जाऊन परत आले. भैयाजी काठावर उभे होते. म्हणाले, “कॉस्ट्यूम तो लेना पड़ेगा.” मी समजले, काम मिळालं.

पंडरीनं मला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. एक कापड आणि दुसरी घासाघीस. दोन्ही पूलवर कामाला आल्या.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पोहायला शिकवणं म्हणजे हातपाय मारायला शिकवणं. तसं नाही. पहिले चार दिवस मी कोणाला पोहूच देत नाही. पायरीवर बसायचं, पाण्यावर फुंकर मारायची, गरम चहावर मारतो तशी. मग ओठ पाण्याला लावून फुंकर, मग नाक, मग डोळे. पाण्यात श्वास सोडता आला की अर्धं काम झालं. मूल घाबरलेलं असतं आणि त्याची भीती तुम्ही हिसकावून घ्यायला गेलात तर ते ती आणखी घट्ट धरतं. ती सौदा करून थोडी थोडी सोडवून घ्यावी लागते.

“डोकं पाण्यात किती आकडे ठेवशील?” मी विचारते.

“पाच.”

“वीस.”

“दीदी, सहा!”

“पंधरा. शेवटचा भाव.”

दहावर जमतं. मूल खूश होतं, आपण दीदीला फसवलं म्हणून. मला दहाच हवे असतात. कनक नावाची एक सहा वर्षांची पोट्टी मात्र माझ्याही वरची निघाली. ती म्हणायची, “आज सात, और तीन कल के खाते में.” दुसऱ्या दिवशी ती कालचे तीन आधी फेडायची आणि मग आजच्यासाठी नवीन घासाघीस सुरू करायची. तिची आई रंजना काठावर बसून डोक्याला हात लावायची. “घरीबी असंच करून राहिली ही. पोळीच्या घासाचाबी भाव करते.”

पालकांची तऱ्हा वेगळीच. एक गृहस्थ मुलाला घेऊन आले आणि म्हणाले, “इतना टाइम क्यों लगाती हैं? सीधे फेंक दीजिए. हमको हमारे पिताजी ने कुएँ में फेंका था.”

मी विचारलं, “मग तुम्हाला छान पोहता येत असेल?”

“नहीं, उसके बाद मैं पानी के पास गया ही नहीं.”

तात्यापारा मोहल्ल्यातल्या एक आजी नातवाला सर्दी होऊ नये म्हणून रोज तीळतेलानं चोळून आणायच्या. पोरगं हातातून सटासट निसटायचं. मी म्हटलं, “आजी, हा पोट्टा हाय का मासोळी? धरू कुठं याले?” आजी म्हणाल्या, “धरतेस काहून? सोड ना त्याले, म्हणूनच तर आणलं.” तेलानं पाणी खराब होतं म्हणून आजींशी माझं महिनाभर चाललं होतं. शेवटी पोहण्याआधीचं तेल पोहून झाल्यावर लावायचं, यावर आमचं जमलं.

आता एक गंभीर गोष्ट सांगते. बुडणारं मूल ओरडत नाही. सिनेमात ओरडतात, हात हलवतात. खरं बुडणं शांत असतं. मान मागे पडते, तोंड पाण्याच्या रेषेवर उघडं असतं, हात दोन्ही बाजूंना पाणी दाबत राहतात, जणू मूल न दिसणारी शिडी चढतं आहे. ओरडायला श्वास लागतो आणि तोच नसतो. काठावरची आई मोबाइलवर एक मेसेज वाचेपर्यंत सगळं होऊन जातं. म्हणून माझ्या बॅचच्या वेळी काठावर फोन दिसला तर मी शिट्टी मारते, आणि ती शिट्टी मुलांसाठी नसते.

हे सगळं मला माहीत होतं. तरी मी चुकले.

सोनाली माझी सगळ्यात चांगली विद्यार्थिनी होती. जिल्ह्याच्या स्पर्धेत तिनं पदक आणलं तेव्हा मी पूलवर पेढे वाटले होते. पुढच्या हिवाळ्यात ती कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर सहलीला गेली, नदीवरच्या एका बंधाऱ्यावर. जीन्स, वरून स्वेटर, पायात बूट. पाय घसरून पाण्यात गेली. पाणी फार नव्हतं, काठ दहा-बारा हातांवर होता. पूलमध्ये हेच अंतर ती एका श्वासात कापायची. तिथे जाळं टाकणाऱ्या एका केवटानं बांबू पुढे केला म्हणून ती वर आली.

चार दिवसांनी ती मला भेटायला आली. म्हणाली, “ताई, पाय उचललेच नाहीत. खाली बघितलं तर तळ दिसेना. तुम्ही सांगितलेलं काहीच आठवलं नाही.”

मी रागावले तिच्यावरच. “एवढं शिकवलं आणि...” इथेच थांबले. कारण शिकवलं नव्हतंच. निळ्या फरशीवर, स्वच्छ पाण्यात, अंगाला चिकटलेल्या पोशाखात पोहायला शिकवलं होतं. गढूळ पाण्यात जीन्स घालून काय करायचं, ते मी तिला कधी सांगितलं नाही. आणि कापड पाण्यात कसं वागतं हे त्या गावात माझ्याइतकं कोणाला कळत होतं?

लोकांना वाटतं ओले कपडे माणसाला खाली ओढतात. तसं होत नाही. पाण्याच्या आत कपड्याचं वजन जाणवत नाही, तो अडवतो. जीन्स गुडघा वाकू देत नाही. सुती साडी पायांभोवती पीळ घालते. जॉर्जेट मांड्यांना चिकटतं. जड होतो तो बाहेर निघताना, आणि तिथेच माणसं हरतात. उलट घेरदार कपड्यात हवा अडकते. घाबरून हातपाय न झाडता उताणं पडलं, कान पाण्यात आणि तोंड आभाळाकडे ठेवलं, तर ती हवा थोडा वेळ सांभाळून घेते. हे सांगून कळत नाही. एकदा कपड्यांसकट पाण्यात उतरावंच लागतं.

मी भैयाजींकडे गेले. “मुलांना एक दिवस कपडे घालून उतरवायचं आहे.”

“पानी ख़राब हो जाएगा, दीदी.”

“धुतलेले कपडे.”

“रंग निकलेगा.”

“कौन सा रंग निकलता है और कौन सा नहीं, ये आप मुझको बताओगे?”

तीन उन्हाळे हे चाललं. पहिल्या वर्षी मी भांडले, दुसऱ्या वर्षी विनंती केली, दोन्ही वाया गेलं. तिसऱ्या वर्षी लक्षात आलं की हंगाम संपला की पूल रिकामा करतात. ते पाणी तसंही फेकायचं असतं. मी म्हटलं, “जे पाणी तुम्ही नालीत सोडणार आहात, त्यातला शेवटचा दिवस मला द्या. नालीला काय फरक पडतो?” भैयाजींना नाही म्हणायला कारण सापडेना. अशा रीतीनं आमचा ‘कपड्यांचा दिवस’ सुरू झाला आणि पुढे सात वर्षं चालला.

काय मजा यायची! मुलं शाळेच्या गणवेशात, टाय लावून, बुटांसकट ओळीनं उभी. काहींच्या पाठीला दप्तर. पोहण्याच्या चष्म्यांना मी काळी पट्टी चिकटवून द्यायचे, म्हणजे तळ दिसणार नाही. मग शिट्टी. ज्यांना आदल्या दिवशी अख्खा पूल लांबीनं पार करता यायचा ती पोरं पाच हातांवर दमून ‘दीदी, पैंट!’ म्हणायची. मग मी ओरडायचे, “उताणी पडा! बेडकासारखी नाही, पोळीसारखी!” आणि हळूहळू पाण्यावर पंचवीस-तीस गणवेश उताणे पडलेले दिसायचे, टाय वर तरंगत.

दुसरा भाग आयांचा. कारण मूल पाण्यात पडलं की पहिली उडी आईच मारते आणि मग दोघंही जातात. आयांना मी तीनच सूचना दिल्या: पालथं पड, फेक, ओढ. काठावर उभं राहून हात दिला तर बुडणारा तुम्हालाच आत घेतो. पोटावर झोपायचं, कोणाला तरी पाय धरायला सांगायचे, आणि ओढणी, पदर, दोरी, हाताला येईल ते फेकायचं.

रंजना पहिल्या वेळी लाजून कोपऱ्यात उभी. “ताई, एवढ्या लोकांसमोर मी पालथी पडू? मले लाज वाटून राहिली.”

“पोरगी बुडताना लाजशील का?”

“काय अभद्र बोलता बापा!”

“मग पड.”

पडली. तिनं फेकलेली ओढणी दर वेळी कनकच्या मागे जाऊन पडायची. कनक पाण्यातून ओरडायची, “मम्मी, इधर हूँ मैं!” मी रंजनाला अकरा वेळा फेकायला लावली. कोपरं सोलली तिची. जाताना माझ्याशी बोलली नाही.

त्यानंतर पूलला नवीन फिल्टर बसला. पाणी दर वर्षी काढायची गरज उरली नाही. त्याच सुमारास विवेक नावाचा नवीन कोच आला, प्रमाणपत्रवाला, स्टॉपवॉचवाला. पोरगा वाईट नाही, पोहतो तर झकास. पण कमिटीला आता स्पर्धा हव्या होत्या. एका बैठकीत ठरलं आणि भिंतीवर पाटी लागली: पोहण्याच्या पोशाखाशिवाय पाण्यात उतरण्यास मनाई. मला बैठकीला बोलावलं नव्हतं, सहायकाला कोण बोलावतं? मी शिट्टी भैयाजींच्या टेबलावर आपटली आणि आठ दिवस गेले नाही. नवव्या दिवशी गेले. छोट्यांची बॅच पायरीवर फुंकर मारत बसली होती आणि कोणी त्यांना पुढचं सांगत नव्हतं.

दोन हंगाम असेच गेले. दर वर्षी मुलं शिकून बाहेर पडायची आणि मला प्रत्येकाच्या जागी बंधाऱ्यावरची सोनाली दिसायची.

गेल्या वर्षी अक्ती म्हणजे अक्षय तृतीयेच्या लग्नसराईत रंजनाचं कुटुंब रायपूरजवळच्या एका खेड्यात लग्नाला गेलं. संध्याकाळी पोरीबाळी फोटो काढायला तलावाच्या पचरीवर गेल्या, मागोमाग रंजना आणि तिचे दीर. पचरी म्हणजे घाटाच्या पायऱ्या. उन्हाळ्यात पाणी उतरतं आणि एरवी बुडालेल्या, शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडतात. नऊ वर्षांची कनक लेहंगा सावरत शेवटच्या पायरीवर गेली आणि सरकली. पुढे एकदम खोल.

पुढचं मला रंजनानं सांगितलं, आणि सांगताना ती उभीच होती, बसवत नव्हतं तिला. “ताई, पोट्टी एकदम गायब झाली. मंग वर आली. हातपाय झाडलेच नाई तिनं. उताणी पडली. लेहंगा असा फुग्यावानी फुगला. माझे दीर उडी मारून राहिले होते, त्याईले पोहता येत नाई काही. मी त्याईची कॉलर धरली, म्हटलं, कूदना मत, माझे पाय धरा! आन् पडली मी पालथी. नवी साडी, शेवाळ, काय नाई पाहिलं. बाजूच्या पोरीची ओढणी खेचून फेकली. पहिल्याच वेळी तिच्या हातावर गेली.”

“मग?”

“मंग ओढली.” तिनं डोळे पुसले आणि हसायला लागली. “वर आल्यावर म्हणते कशी, ‘मम्मी, आज तो सही फेंका.’”

मी तिला जवळ घेतलं. मीही रडले, खोटं कशाला बोलू? आठवड्यानं पूलवर गेले तर फाटकावर मोठा फ्लेक्स. ‘हमारे प्रशिक्षण ने बचाई एक जान.’ खाली भैयाजींचा फोटो, विवेकचा फोटो. रविवारी रंजना आणि कनकचा सत्कार, पाहुणे येणार. ज्या दिवसामुळे पोरगी वाचली तो यांनीच बंद केला होता, आणि विवेकनं तर कनकला एकही दिवस शिकवलं नव्हतं.

माझा हात फ्लेक्सच्या दोरीवर गेला होता. विवेक पळत आला. “मैडम, क़सम से, मैंने नहीं बोला था. मुझसे तो फ़ोटो माँगी, मैंने दे दी.”

मागून रंजना आली. माझ्यापेक्षा जास्त तापलेली. “ताई, तुमी काई करू नका. रविवारी माइक माझ्या हातात येईल ना? पाहुण्याईसमोर सांगते मी, कोणं शिकवलं अन् कोणं बंद केलं ते.”

तेव्हा मला पंडरी आठवली. गिऱ्हाईकाला हवी ती साडी आपल्या हातात असेल तर ती उलगडायची नाही, घडी घालून मांडीवर ठेवायची. रंजना स्टेजवर खरं बोलली असती तर मला टाळ्या मिळाल्या असत्या, भैयाजींची फजिती झाली असती आणि कपड्यांचा दिवस कायमचा गेला असता. मी दोरी सोडली. रंजनाला म्हटलं, “दोन दिवस तोंड बंद ठेव.”

भैयाजींच्या ऑफिसात गेले. “फ्लेक्स अच्छा है,” मी म्हटलं.

ते सावध झाले. एकवीस वर्षं ओळखतात मला. “क्या चाहिए, दीदी?”

“रंजना रविवार को माइक पर सच बोलने वाली है. मैं कहूँगी तो नहीं बोलेगी. मुझे हर महीने का आख़िरी इतवार चाहिए. सात से नौ. कपड़ों के साथ. माँओं के साथ.”

“साल में एक बार कर लीजिए, जैसे पहले था.”

“हर महीने.”

“तीन महीने में एक.”

मी उठले. उठलेल्या गिऱ्हाईकाला दुकानदार तिसऱ्या पावलाच्या आत हाक मारतो, नाहीतर मारतच नाही. भैयाजींनी दुसऱ्याच पावलाला मारली. “अच्छा बैठिए. हर महीने. लेकिन साढ़े आठ तक. कपड़े धुले हुए.”

“रजिस्टर में लिखिए. दस्तख़त के साथ.”

लिहिलं त्यांनी. मग पेन खाली ठेवून म्हणाले, “मेरी भी एक शर्त है. फ्लेक्स के बारे में पूल पर एक शब्द नहीं. अख़बार में भी नहीं.”

मी कबूल केलं.

रंजनाला हे मुळीच आवडलं नाही. “ताई, तुमी स्वतःले विकलं की हो!”

“विकलं नाही, बदलून घेतलं.”

सत्काराच्या दिवशी ती माइकवर एवढंच म्हणाली, “मला पालथं पडायला शिकवलं होतं, म्हणून माझी मुलगी आज इथे आहे.” आणि शेवटच्या ओळीत बसलेल्या माझ्याकडे पाहिलं. कोणी शिकवलं, ते कोणीच विचारलं नाही. मला लागलं. लागणार नाही असं वाटलं होतं, पण लागलं.

आता महिन्याच्या शेवटच्या रविवारी पूलवर पाय ठेवायला जागा नसते. मुलं, आया, दोन-तीन आज्याही. विवेक पहिल्या खेपेला ऐटीत जीन्स आणि बूट घालून उतरला आणि मधल्या दोरीला लटकून म्हणाला, “मैडम, ये तो बहुत बेकार चीज़ है.” मी म्हटलं, उताणा पड. तो आता मुलांना दप्तर पाठीला असताना कसं तरंगायचं ते शिकवतो, माझ्यापेक्षा बरं शिकवतो. हे मी त्याला सांगितलेलं नाही.

फ्लेक्स अजून फाटकावर आहे. मी त्याच्याखालून रोज जाते आणि एक शब्द बोलत नाही. दिलेला शब्द मी मोडत नाही. या दिवाळी अंकाच्या संपादकांनी कामाच्या आठवणी लिहा म्हटलं, तेव्हा मी आमच्या सौद्याच्या अटी पुन्हा आठवून पाहिल्या. पूलवर नाही, अखबारात नाही. दिवाळी अंकाचं नाव भैयाजींनी काढलं नव्हतं. मराठी त्यांना चार ओळींच्या पुढे झेपत नाही आणि मी हे मुद्दाम लांब लिहिलं आहे. त्यांच्याकडे यंदा सून मात्र नागपूरची आली आहे, वाचनाची मोठी हौस आहे म्हणे तिला. रविवार रजिस्टरमध्ये सहीसकट लिहिलेला आहे, तो आता हलत नाही. अंक छापून आला की त्या पोरीला एक प्रत मी स्वतः घरी नेऊन देणार आहे.